विश्लेषण : लॅपटॉपचा पंखा मध्येच ‘घूं-घूं’ का करतो? दीडशे वर्षांपूर्वी याचं गणित मांडणारे मॅक्सवेल कोण होते?

लॅपटॉप तापला की आतला छोटा पंखा जोरात फिरतो. काही वेळा मात्र त्याचा आवाज सारखा वर-खाली होत राहतो. वेग वाढतो, प्रमाणाबाहेर जातो, मग कमी होतो, पुन्हा वाढतो. अशा वेळी पंखाच बिघडलेला असेल असं नाही. त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं गणितही चुकलेलं असू शकतं. या गणिताचा पाया १८६८ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी घातला. तेव्हा विजेचे पंखेही आले नव्हते.

वर्गात टिंगल, पुढे केंब्रिज

मॅक्सवेल यांचा जन्म १३ जून १८३१ रोजी एडिनबरामध्ये झाला. बालपण स्कॉटलंडमधल्याच ग्लेनलेअर या गावाकडच्या घरी गेलं. आठ वर्षांचे असताना आई पोटाच्या कर्करोगाने गेली. शाळेत त्यांच्या गावंढळ कपड्यांची आणि बोलण्याची टिंगल व्हायची. पुढे १८५४ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते दुसरे आले. पहिला आलेला विद्यार्थी होता एडवर्ड राउथ. हे नाव लक्षात ठेवा.

शनीची कडी कोसळत का नाहीत, या प्रश्नावर त्यांनी काही वर्षं घालवली. कडी अखंड घन असती तर टिकली नसती, ती असंख्य सुट्या तुकड्यांची आहेत, असं त्यांनी गणिताने दाखवलं. १८५९ साली हा निबंध छापून आला. पुढच्याच वर्षी ॲबर्डीनमधल्या दोन कॉलेजांचं विलीनीकरण झालं आणि मॅक्सवेल यांची प्राध्यापकाची नोकरी गेली! एडिनबरा विद्यापीठातली जागाही शाळेतल्या मित्राला, पीटर टेट यांना मिळाली.

वेगाचा प्रश्न कुठून आला?

नंतर ते लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रुजू झाले. विद्युत रोधाचं एकक, म्हणजे ओहम, नेमकं ठरवण्याचं काम तिथे सुरू झालं. १८६३ च्या प्रयोगात तांब्याच्या तारेचं वेटोळं गरगर फिरवायचं आणि मधोमध टांगलेलं छोटं चुंबक किती वळतं ते मोजायचं, अशी पद्धत होती. वेटोळ्याचा वेग डळमळला तर उत्तर चुकणार. त्यासाठी सहकारी फ्लीमिंग जेन्किन यांनी वेग कायम राखणारं यंत्र, म्हणजे गव्हर्नर, बनवलं.

वाफेच्या इंजिनांवर जेम्स वॅट यांचा गोळ्यांचा गव्हर्नर १७८८ पासून होताच. पण काही गव्हर्नर वेग सावरण्याऐवजी इंजिनालाच हेलकावे खायला लावत. १८६५ मध्ये नोकरी सोडून ग्लेनलेअरला परतलेल्या मॅक्सवेल यांनी गव्हर्नरवरचा शोधनिबंध लिहिला आणि तो १८६८ साली रॉयल सोसायटीसमोर वाचला गेला. धक्का बसल्यावर यंत्राचे हेलकावे विरतील की वाढत जातील, हे समीकरणावरून आधीच सांगता येतं, हा त्याचा गाभा. प्रश्न शनीच्या कड्यांचाच होता, फक्त यंत्र वेगळं.

त्यांनी एक फरकही दाखवला. काही यंत्रं चुकीच्या प्रमाणातच दुरुस्ती करतात. त्यांत भार बदलला की थोडी चूक उरतेच. काही मात्र चूक शिल्लक आहे तोवर दुरुस्ती वाढवत नेतात.

आजच्या पंख्यात काय होतं?

पंख्यातला सेन्सर साधारणपणे दर फेरीला दोन ठोके पाठवतो. मायक्रोकंट्रोलर त्यावरून वेग काढतो आणि हव्या वेगाशी ताडून पाहतो. वीजपुरवठा किंवा वेगाचा सिग्नल सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. त्यात ‘चालू’चा वाटा किती, हे तो बदलतो. दुरुस्ती किती जोरात करायची, याचे आकडे प्रोग्रॅममध्ये असतात. मॅक्सवेल यांनी सांगितलेले दोन्ही प्रकार इथे एकत्र वापरले जातात. चूक झटकन काढायच्या नादात हे आकडे फार मोठे ठेवले, की पंखा वॅटच्या काळातल्या इंजिनासारखा हेलकावतो.

सगळ्या यंत्रांना लागू पडेल असा नियम मात्र मॅक्सवेल यांना सापडला नाही. १८७५ मध्ये केंब्रिजच्या ॲडम्स पारितोषिकासाठी स्थिरतेचाच विषय ठेवला गेला. परीक्षकांत मॅक्सवेल होते. १८७७ मध्ये ते पारितोषिक मिळालं राउथ यांना. त्यांचा नियम अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही परीक्षेसाठी घोकतात.

दोनच वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८७९ रोजी मॅक्सवेल गेले. आजार आईचाच, पोटाचा कर्करोग. वय अवघं ४८. विद्युतचुंबकीय लहरींच्या सिद्धांतामुळे त्यांचं नाव जगभर झालं. गव्हर्नरवरच्या निबंधाची आठवण मात्र १९४८ साली नॉर्बर्ट वीनर यांनी नव्याने करून दिली, आपल्या नव्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव देताना.