कृतज्ञतेची संत : जोसेफिन बखिता



आपल्या वाढदिवसाची तारीख आपल्या सर्वांना पाठ असते. पण आपला स्नानसंस्कार कोणत्या दिवशी झाला, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी कितीजण चटकन उत्तर देऊ शकतील? एक संत अशा होऊन गेल्या, की ज्यांना स्वतःची जन्मतारीख कधी कळली नाही, आईवडिलांनी ठेवलेले नावही ज्यांच्या स्मरणात उरले नाही. परंतु स्नानसंस्काराचा दिवस मात्र त्यांनी जन्मभर हृदयाशी जपला. त्या म्हणजे संत जोसेफिन बखिता. ८ फेब्रुवारी हा त्यांचा सणदिवस.

सुदान देशाच्या पश्चिमेला दारफूर प्रांत आहे. तेथील एका गावात १८६९ च्या सुमारास ही मुलगी जन्मली. घर खाऊनपिऊन सुखी होते. लहान वयातच दोन माणसांनी तिला शेतातून पळवून नेले. भीतीने तिची वाचाच बसली आणि आपले नाव काय, हेही तिला आठवेना. पळवणाऱ्यांनी तिला ‘बखिता’ हे नाव दिले. अरबी भाषेत याचा अर्थ होतो भाग्यवान! केवढी ही क्रूर थट्टा!

पुढील काही वर्षांत सुदानच्या गुलामांच्या बाजारात ती पाच वेळा विकली गेली. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी तिला रोज फटके खावे लागत. त्या घरच्या मालकिणीच्या हुकमावरून तिच्या अंगावर पिठाने नक्षी आखण्यात आली, वस्तऱ्याने ती कोरण्यात आली आणि जखमांत मीठ भरण्यात आले. शंभराहून अधिक व्रण तिने मरेपर्यंत वागवले.

१८८३ साली खार्टूम येथील इटालियन उपवकील कालिस्तो लेन्यानी यांनी तिला विकत घेतले. त्यांच्या घरी प्रथमच तिला कोणी मारले नाही. १८८५ साली ते मायदेशी निघाले, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर इटलीला गेली. तेथे मिकिएली नावाच्या कुटुंबाकडे तिला सोपवण्यात आले आणि ती त्यांच्या चिमुकल्या मुलीला सांभाळू लागली. त्या घरच्या कारभाऱ्याने तिला चांदीचा एक क्रूस दिला. त्यावर खिळलेला हा पुरुष कोण, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते. तरीही तो क्रूस तिने जपून ठेवला.

१८८८ साली मालकीण काही काळासाठी आफ्रिकेला गेली आणि बखिताला व मुलीला व्हेनिस शहरातील कनोसियन भगिनींच्या आश्रमात ठेवले गेले. मुंबईत माहीमच्या कनोसा शाळेमुळे आपल्याला परिचित असलेला हाच तो संघ. तेथे बखिताला धर्मशिक्षण मिळू लागले. सूर्य, चंद्र, तारे पाहून यांचा धनी कोण असेल, असा प्रश्न तिला लहानपणापासून पडत असे. आता त्याचे उत्तर तिला मिळाले.

मालकीण तिला न्यायला परत आली, तेव्हा मात्र बखिताने जाण्यास नकार दिला. प्रकरण सरकारदरबारी गेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निर्णय झाला, की इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नाही. म्हणून ही मुलगी स्वतंत्र आहे. आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. इटलीच्या भूमीवर पाय ठेवल्यापासून ती स्वतंत्रच होती, पण तिला ते कोणी सांगितले नव्हते! ख्रिस्ताने आपले मोल भरून आपल्याला सोडवले, हे संत पौलाने करिंथकरांना कळवले. आपणही ते ऐकले आहे. तरीही भीतीचे, व्यसनाचे, जुन्या वैराचे गुलाम म्हणूनच आपण जगत राहतो. आपली सुटका झाली आहे, हे ज्याला उमगले नाही, तो कृतज्ञ तरी कसा होणार?

९ जानेवारी १८९० रोजी व्हेनिसच्या महागुरुस्वामींच्या हस्ते तिचा स्नानसंस्कार झाला. त्याच दिवशी दृढीकरण आणि प्रथम ख्रिस्तप्रसादही तिला मिळाला. तिच्या नव्या नावांत जोसेफिनबरोबर ‘फोर्तुनाता’ हेही एक नाव होते. त्याचा अर्थही भाग्यवान. चोरांनी थट्टेने दिलेले नाव देवाने खरे करून दाखवले.

१८९६ साली जोसेफिन यांनी कनोसियन संघात व्रते घेतली. १९०२ पासून त्या स्कियो या गावी राहिल्या. स्वयंपाक, शिवणकाम, भरतकाम आणि पुढे दारावरची सेवा, हेच त्यांचे जीवन. गावातील मुले त्यांच्याभोवती गोळा होत. देवाला त्या व्हेनिसच्या बोलीत ‘पारोन’ म्हणजे धनी म्हणत. गुलामीत तिने मालक म्हणून जे पाहिले, ते सारे मारणारे होते. हा धनी मात्र स्वतः फटके खाल्लेला होता! स्नानसंस्काराच्या कुंडाचे त्या वारंवार चुंबन घेत, कारण त्याच ठिकाणी त्या देवाची लेक झाल्या होत्या.

आपल्याला पळवणारे आज भेटले, तर गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, असे त्या सांगत; ते आले नसते तर आपल्याला ख्रिस्त भेटला नसता, अशी त्यांची भावना होती. हे ऐकून मन अडखळते. मग गुलामगिरी चांगली होती काय? मुळीच नाही! वाईट ते वाईटच. त्यांच्या अंगावरचे व्रण कधी पुसले गेले नाहीत आणि आईची भेटही पुन्हा झाली नाही. देवाने ते पाप केले नाही. पापाने जेथे तिला नेऊन टाकले, तेथपर्यंत देव तिला शोधत आला. त्याच्या या येण्याबद्दल त्या आभार मानत होत्या. म्हणून अन्याय सोसणाऱ्या माणसाला ही देवाचीच इच्छा होती, असे आपण कधीही सुनावू नये. असे आभार ज्याने सोसले, त्याच्याच तोंडून निघू शकतात, आणि तेही कृपेनेच.

शेवटच्या आजारात ग्लानीमध्ये त्या साखळ्या सैल करण्याची विनवणी करीत. कृपेने आठवणी पुसल्या नव्हत्या, पण आठवणींची सत्ता संपली होती. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांना संतपद बहाल केले. २०१५ पासून त्यांचा सणदिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. कारण मुले आजही पळवली जातात आणि विकली जातात.

प्रिय बंधु-भगिनींनो, या आठवड्यात आपण एक साधी गोष्ट करू या. आपल्या स्नानसंस्काराची तारीख घरातील दाखल्यावर शोधू या; दाखला नसेल तर धर्मग्रामाच्या कचेरीत विचारू या. ती तारीख घरातील कॅलेंडरवर लिहू या. आणि रविवारी चर्चच्या दारात पवित्र पाण्याला बोट लावताना घाई न करता क्षणभर थांबू या. मिस्सा म्हणजे मुळात उपकारस्तुती. जो आपल्याला शोधत आला, त्याचे आभार मानण्यासाठीच तर आपण येथे एकत्र येतो.

संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर.