सहकाराचे व्रतस्थ सेवक वैकुंठभाई मेहता आणि पुण्यातील त्यांचे स्मारक

पुणे शहरात आज व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या संस्थांची वाण नाही. त्यांच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरतात आणि प्रवेशासाठी पालकांची धावपळ चालते. या सगळ्या गर्दीत गणेशखिंड भागात, विद्यापीठाच्या परिसरात, एक संस्था शांतपणे आपले काम करीत आली आहे. तिचे नाव वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था. लोक तिला 'वॅमनिकॉम' या छोट्या नावाने ओळखतात. अहमदाबाद आणि कोलकाता येथील सुप्रसिद्ध व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. या पुण्याच्या संस्थेचे मूळ त्यांच्याही आधीचे, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातले आहे. मात्र ज्यांचे नाव तिला दिले आहे ते वैकुंठभाई कोण होते, हे आमच्या तरुण वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून त्यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय आम्ही करून देत आहोत.

वैकुंठभाई लल्लुभाई मेहता यांचा जन्म ऑक्टोबर १८९१ मध्ये भावनगर येथे झाला. त्याच वर्षी मे महिन्यात परमपूज्य पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध करून कामगार व दुर्बल घटकांच्या न्याय्य हक्कांकडे जगाचे लक्ष वेधले, हा योगायोग आम्हांस नोंदविण्याजोगा वाटतो. मेहता घराणे मोठे होते. आजोबा सामळदास हे भावनगर संस्थानचे दिवाण. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या सामळदास कॉलेजात १८८८ साली तरुण मोहनदास गांधींनी काही काळ शिक्षण घेतले. वडील लल्लुभाई सामळदास हे मुंबईच्या उद्योगजगतातील मान्यवर गृहस्थ, तर बंधू गगनविहारी पुढे अमेरिकेत भारताचे राजदूत झाले. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणापुढे व्यापार, सरकारी नोकरी, वकिली असे सारे मार्ग मोकळे होते. त्यांनी निवडला तो शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न.

हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली आणि त्या दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने १८७९ साली कायदा करून शेतकऱ्याला काही संरक्षण दिले. पण संरक्षण मिळाले म्हणजे पेरणीला पैसा मिळाला असे होत नाही. उलट सावकाराने हात आखडता घेतला. त्यानंतर विल्यम वेडरबर्न व न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रयत्नांतून पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना पुढे आली. ती विलायतेत नामंजूर झाली. अखेर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो जर्मनीतील रायफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून. एकमेकांना ओळखणारे गावकरी एकत्र येतात, एकमेकांच्या कर्जाची हमी घेतात आणि त्या सामुदायिक पतीवर बाहेरून स्वस्त पैसा आणतात, हे त्या पद्धतीचे मर्म होते.

येथे आपल्या ख्रिस्तसभेचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. वैकुंठभाई कॉलेजात शिकत असताना, १९०९ साली, येशूसंघीय धर्मगुरू फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांनी छोटानागपूरच्या मुंडा आदिवासींसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी केली. सावकाराच्या तावडीतून जमीन सोडवावयाची तर प्रवचन पुरेसे नाही, हे त्यांनी जाणले होते. आपल्या महाराष्ट्रात वसईला १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी जी सहकारी पतसंस्था सुरू केली, तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. त्या पिढीतील अनेकांना, ते हिंदू असोत वा ख्रिस्ती, एकाच दुखण्यावर एकच औषध सुचले होते.

मुंबईत सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने १९११ साली बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. गावोगावच्या पतसंस्थांना पैसा पुरविणे हे तिचे काम. आज आपण जिला महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणतो ती हीच. १९१२ साली, वयाच्या विशीत, वैकुंठभाईंनी तिचा कारभार हाती घेतला आणि १९४६ पर्यंत तो सोडला नाही. वडिलांच्या पुण्याईने ही जागा मिळाली असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे नाही. पण चौतीस वर्षे ती जागा टिकली ती वडिलांमुळे नव्हे.

या चौतीस वर्षांत त्यांनी काय केले, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. शहरातील ठेवीदाराचा पैसा गावातील शेतकऱ्यापर्यंत पोचविणे वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात मधल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. गावच्या सोसायटीच्या सचिवाने कर्ज पिकासाठी दिले की लग्नासाठी, ते पेरणीपूर्वी पोचले की नंतर, माल विकला गेला तेव्हा वसुली झाली की जुने कर्ज नव्या कर्जाने फेडल्याचे कागदावर दाखविले, यावर सारा डोलारा अवलंबून असतो. नीरा कालव्याखालील ऊसबागायतदारांना मोठ्या रकमा लागत. त्यासाठी बँकेने बारामतीला शाखा काढली. बागायतदाराला कर्ज द्यावयाचे तर गुळाच्या बाजारभावाचीही माहिती ठेवावी लागते, हे तेथे शिकावे लागले.

१९२९ नंतरची जागतिक मंदी ही या व्यवस्थेची खरी कसोटी होती. शेतमालाचे भाव कोसळले, थकबाकी फुगली, अनेक सोसायट्या बुडाल्या. अशा वेळी बँक सावरून धरणे हे धीराचे काम होते. या अनुभवातून वैकुंठभाईंच्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, कर्ज आणि विक्री यांची सांगड घातल्याशिवाय शेतकरी वर येणार नाही. दुसरी, सद्भावना असलेला पण हिशेब न समजणारा कार्यकर्ता सहकाराचे तितकेच नुकसान करतो जितके अप्रामाणिक माणूस करतो.

ही दुसरी गोष्ट आज आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. १९१८ साली स्थापन झालेल्या मुंबई प्रांतिक सहकारी संस्थेच्या कामात ते आरंभापासून होते. सचिव, तपासनीस, पंच यांचे वर्ग घेणे, नियतकालिके काढणे, सभासदांना नियम समजावून सांगणे असे नीरस वाटणारे काम या संस्थेने केले. पुण्याच्या भारत सेवक समाजाशी त्यांचे जवळचे संबंध होते आणि समाजाचे सदस्य व्यंकटसुब्बय्या यांच्यासह त्यांनी सहकारी चळवळीवर इंग्रजी ग्रंथही लिहिला. त्यांची राहणी साधी होती, गांधीजींच्या विचारांवर निष्ठा होती. तरीही खादी घातली म्हणजे ताळेबंद आपोआप जुळतो असा त्यांचा समज नव्हता.

१९४६ साली बाळासाहेब खेर यांच्या मुंबई मंत्रिमंडळात ते अर्थ व सहकार खात्याचे मंत्री झाले. याच सुमारास पुण्यात प्रांतिक सहकारी संस्थेच्या वतीने सहकारी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्याच कारकीर्दीत प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचे स्वप्न पाहिले. वैकुंठभाईंनी सरकारी पातळीवर त्यास पाठबळ दिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. तो सारा मुलूख त्या काळी आपल्या पुणे धर्मप्रांतात होता. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर भागांतील आपल्या अनेक कुटुंबांचे जीवन पुढे या कारखानदारीशी जोडले गेले, कोणी ऊस पिकवून, बरेच जण तो तोडून.

कारखाना म्हणजे गावची पतसंस्था नव्हे. यंत्रे, रसायने, कामगार कायदे, कोट्यवधींची कर्जे या गोष्टी सांभाळणारा मनुष्य पाहिजे, आणि त्याचे मालक मात्र हजारो शेतकरी. खाजगी कंपनीतला व्यवस्थापक येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याला एका मालकाची सवय असते. तालुक्यातला कार्यकर्ताही एकटा पुरा पडत नाही. या दोहोंमधला माणूस घडविणे ही पुण्याच्या महाविद्यालयाची कामगिरी ठरली. १९५३ साली भारत सरकार व रिझर्व्ह बँक यांनी सहकारी प्रशिक्षणासाठी मध्यवर्ती समिती नेमली, आणि पुण्याच्या या केंद्रात देशभरातील सहकार खात्यांचे व बँकांचे वरिष्ठ अधिकारी शिकण्यास येऊ लागले.

मंत्रिपद १९५२ साली सुटले, पण विश्रांती मिळाली नाही. पहिल्या वित्त आयोगाचे ते सदस्य होते. १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळाचे आणि १९५७ मध्ये त्याच क्षेत्रातील वैधानिक आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९५४ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. १९६० साली त्यांच्या अध्यक्षतेखालील सहकारी पतपुरवठा समितीने अहवाल दिला. त्या वेळी गावाची सोसायटी लहान असावी की मोठी, हा वाद जोरात होता. लहान सोसायटीत माणसे एकमेकांना ओळखतात, पण तिला पगारी सचिव परवडत नाही. मोठी सोसायटी पगार देऊ शकते, पण तिथे ओळख विरते. समितीने गाव हा पाया मानला आणि सोसायटी स्वतःच्या पायांवर उभी राहू शकेल इतकी तिची व्याप्ती असावी असा मध्यममार्ग सुचविला. या तोडग्यावर टीका झाली. आम्हांस तो पन्नास वर्षांच्या अनुभवाचा प्रामाणिक निष्कर्ष वाटतो.

ऑक्टोबर १९६४ मध्ये वैकुंठभाईंचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९६७ साली, पुण्यातील संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. शिक्षणाबरोबर संशोधन व सल्लासेवा ही कामेही तिच्याकडे आली. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश आदी शेजारी देशांतील अधिकारी येथे प्रशिक्षणास येऊ लागले. पुढे कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि तरुण पदवीधर मुलेमुलीही या वर्गांत दिसू लागली. त्यांतील बरेचसे खते-बियाण्यांच्या कंपन्यांत आणि खाजगी बँकांत नोकरीस जातात. याची खंत काही जुने सहकारी बोलून दाखवितात. मुलांना दोष देणे सोपे आहे. चांगला पगार आणि नेमणुकीत स्वातंत्र्य देणाऱ्या सहकारी संस्था किती, हेही विचारले पाहिजे.

तसे विचारण्याची वेळ पुणेकरांवर आलीच. १९१२ साली, म्हणजे वैकुंठभाईंनी बँकेत पाऊल ठेवले त्याच वर्षी, पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ साली रद्द केला. त्यापूर्वी २०१३ पासून निर्बंधांमुळे ठेवीदारांचे पैसे अडकले होते. त्यांत निवृत्तिवेतनावर जगणारे अनेक वृद्ध होते. २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणाने हीच वेदना हजारो घरांत पोचविली. २०२१ साली केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले आणि २०२५ साली गुजरातमधील आणंद येथे सहकार विद्यापीठ स्थापण्याचा कायदा संसदेने केला. आपल्या धर्मग्रामांतील पतसंस्थांच्या वार्षिक सभा मात्र अजूनही बहुधा अर्ध्या तासात आटोपतात, आणि ताळेबंदाची प्रत खुर्चीवर तशीच राहून जाते.