डोळस संशोधक : राल्फ टीटर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णा चौथीपर्यंत शिकले आणि पुढे ड्रायव्हर झाले. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या मालकांनी नवी मोटार घेतली. तिच्यात ‘क्रूझ कंट्रोल’ आहे. वेग ठरवून बटण दाबले की पाय काढून घेतला तरी गाडी त्याच वेगाने धावत राहते. गाडीबरोबर आलेले जाडजूड पुस्तक इंग्रजीत होते. ते अण्णांनी माझ्यापुढे ठेवले. वाचता वाचता मनात आले, ही युक्ती काढली तरी कोणी? शोध घेतला आणि मी थक्क झाले. तो माणूस आंधळा होता!

राल्फ टीटर ह्यांचा जन्म अमेरिकेतील इंडियाना राज्यात, हॅगर्सटाउन ह्या लहानशा गावी १८९० साली झाला. पाचव्या वर्षी खेळताना सुरी लागून त्यांच्या एका डोळ्याला जखम झाली. थोड्याच काळात दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. पण आईवडिलांनी त्यांना बिचारा म्हणून कोपऱ्यात बसवले नाही. घरचा कारखाना होता. तिथल्या यंत्रांवर बोटे फिरवत हा मुलगा वाढला. पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठातून १९१२ साली ते इंजिनियर झाले. नात्यातली एक बहीण त्यांना पुस्तके वाचून दाखवी. हे वाचले तेव्हा मला आमच्या ओट्यावरचे अण्णा आणि मांडीवर ते पुस्तक घेऊन बसलेली मी आठवले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धनौकांच्या टर्बाइनचे फिरते भाग समतोल करण्याचे अवघड काम त्यांनी केले. डोळसांना जे दिसत नव्हते, ते त्यांच्या बोटांना कंपनातून कळत होते. पुढे ‘परफेक्ट सर्कल’ ह्या पिस्टन रिंगा बनवणाऱ्या कंपनीचे ते अध्यक्ष झाले. १९३६ साली तर अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले.

त्यांच्या शोधाची हकिकत मोठी गमतीची सांगतात. त्यांचे एक वकील स्नेही त्यांना मोटारीतून नेत असत. ते बोलू लागले की गाडी हळू होई आणि ऐकू लागले की जोरात पळे! शेजारी बसलेल्या टीटरना त्या हिसक्यांचा त्रास होई. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल व रबर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली गेली. एकसारख्या वेगाचे महत्त्व तेव्हा अधिकच पटले. टीटर कामाला लागले आणि १९५० साली त्यांना पेटंट मिळाले. त्यांचे आरंभीचे यंत्र ठरलेला वेग आला की पायाखालचा ॲक्सिलरेटर उलट दाबत असे. पुढे वेग धरून ठेवण्याची सोय झाली. १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत हे यंत्र आले. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव मात्र कॅडिलॅकवाल्यांनी रूढ केले. टीटर १९८२ साली वारले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे यंत्र फक्त वेग जाणते, रस्ता जाणत नाही. पावसात रस्त्यावर पाणी साचले की टायर त्या पाण्यावर तरंगू लागतो. पाण्याने गाडी अडते. वेग कमी झाला असे समजून यंत्र इंजिनाला आणखी जोर देते आणि पकड सुटलेली चाके जागच्या जागी गरगरतात. डोळस ड्रायव्हर अशा वेळी पाय हलकेच सैल करतो. इथे त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच! घाबरून जोरात ब्रेक मारला तर गाडी अधिकच घसरते. नव्या गाड्यांत घसरण रोखणारी साधने असतात, पण टायरखाली पकडच उरली नाही तर तीही काय करणार? म्हणून पाऊस, चिखल किंवा निसरडा घाट असेल तर क्रूझ आधीच बंद करावे, वेग कमी ठेवावा आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे. गाडी घसरलीच तर पाय हलका ठेवून स्टेअरिंग जायचे त्या दिशेला धरावे, हिसका देऊ नये.

हे मी वाचून दाखवले तेव्हा अण्णा नुसते हसले. आषाढातल्या एका रात्री पुलाजवळ त्यांना गाडी क्षणभर हलकी झाल्यासारखी वाटली होती. कारण ठाऊक नव्हते, तरी त्यांनी तेव्हापासून पावसात ते बटण दाबले नव्हते. मालकांना मात्र वाटे, अण्णांना नवी गाडी जमत नाही. दुसरा ड्रायव्हर पाहण्याची भाषाही झाली होती. मी पुस्तकातले ते पान मराठीत उतरवून दिले. अण्णांनी ते मालकांपुढे ठेवले. आज अण्णा त्याच गाडीवर आहेत.

टीटरना रस्ता दिसत नव्हता, तरी शेजारी बसून त्यांना गाडीची चाल कळत होती. अण्णांना इंग्रजी अक्षर कळत नाही, पण त्यांनाही ती कळते. यंत्राला ही जाण नसते. ती माणसानेच जागी ठेवायची असते, आणि पावसात तर अधिकच.