नीना ब्राउनवाल्ड

नीना स्टार ब्राउनवाल्ड (जन्म : ब्रुकलिन, न्यू यॉर्क, २ मार्च १९२८, मृत्यू : वेस्टन, मॅसॅच्युसेट्स, ५ ऑगस्ट १९९२) या अमेरिकन हृदयशल्यविशारद होत्या. स्वतः आखलेली व घडवलेली कृत्रिम द्विदल झडप मानवी हृदयात बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांच्या नेतृत्वाखाली ११ मार्च १९६० रोजी झाली. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या स्त्री शल्यविशारद म्हणूनही त्या ओळखल्या जातात. पुढे त्यांनी विकसित केलेली ब्राउनवाल्ड-कटर झडप हजारो रुग्णांना बसवण्यात आली.

शिक्षण व प्रशिक्षण

नीना स्टार यांचे बालपण ब्रुकलिनमध्ये गेले. न्यू यॉर्क विद्यापीठातून १९४९ मध्ये पदवी आणि १९५२ मध्ये वैद्यकशास्त्राची पदवी त्यांनी संपादन केली. त्याच वर्षी सहाध्यायी यूजीन ब्राउनवाल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. यूजीन ब्राउनवाल्ड पुढे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले.

त्या काळी अमेरिकेत स्त्री डॉक्टर कमीच होत्या. शल्यचिकित्सेचे दालन तर त्यांच्यासाठी जवळजवळ बंदच होते. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात शल्यप्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांमध्ये नीना ब्राउनवाल्ड यांचा समावेश होतो. उर्वरित प्रशिक्षण त्यांनी वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठात पूर्ण केले. तेथे त्यांना चार्ल्स हफनागेल यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी लाभली. हफनागेल यांनी १९५२ मध्ये एका रुग्णाच्या छातीतील उतरत्या महारोहिणीत पिंजरा व चेंडू यांची बनवलेली झडप बसवली होती. ती हृदयाबाहेर बसवलेली असल्याने मूळ सदोष झडप जागेवरच राहत असे. तरीही मनुष्याने घडवलेली वस्तू रक्तप्रवाहात झडपेचे काम करू शकते, हे तिने सिद्ध केले. नीना ब्राउनवाल्ड यांच्या पुढील संशोधनाची दिशा येथेच निश्चित झाली.

द्विदल झडपेचा प्रश्न

हृदयाच्या डाव्या बाजूस अलिंद व निलय यांच्यामध्ये द्विदल झडप असते. तिची दोन पातळ दले दोऱ्यांसारख्या तंतूंनी निलयाच्या आतील स्नायूंना बांधलेली असतात. निलय आकुंचन पावताना हे तंतू दलांना ताणून धरतात, त्यामुळे रक्त मागे अलिंदात न जाता पुढे महारोहिणीत जाते. बालपणी झालेल्या संधिज्वरामुळे ही दले जाड होतात, आखडतात किंवा एकमेकांस चिकटतात. मग झडप नीट उघडत नाही, किंवा नीट मिटत नाही. रुग्णास धाप लागते, फुप्फुसांत पाणी साचते आणि अखेर हृदय थकते.

चिकटलेली दले बोटाने किंवा पात्याने सोडवण्याची शस्त्रक्रिया १९४० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली होती. मात्र जी झडप पूर्णपणे नष्ट झाली आहे, तिच्यावर हा उपाय चालत नसे. अशी झडप काढून तेथे दुसरी बसवणे हाच मार्ग उरत होता. हृदय-फुप्फुस यंत्राचा वापर १९५३ पासून सुरू झाल्याने हृदय उघडून आत काम करणे शक्य झाले. अडचण होती ती झडपेची. हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. इतक्या वेळा उघडमीट करूनही न फाटणारी, रक्ताची गुठळी न होऊ देणारी आणि टाक्यांनी पक्की बसणारी झडप हवी होती.

११ मार्च १९६०

नीना ब्राउनवाल्ड १९५८ मध्ये बेथेस्डा येथील राष्ट्रीय हृदय संस्थेत अँड्र्यू मॉरो यांच्या शल्यविभागात रुजू झाल्या. तेथे त्यांनी निसर्गातील रचनेचेच अनुकरण करण्याचे ठरवले. पॉलियुरेथेन या लवचीक पदार्थाची दोन दले आणि तंतूंच्या जागी टेफ्लॉनच्या पट्ट्या अशी त्यांची झडप होती. या झडपा त्यांनी स्वतःच्या हाताने तयार केल्या व प्रथम कुत्र्यांवर त्यांचे प्रयोग केले.

प्राण्यांमधील निष्कर्ष पूर्णपणे समाधानकारक होईपर्यंत थांबावे, तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांपाशी तेवढा अवधी नव्हता. त्यामुळे दुसरा कोणताही उपाय न उरलेल्या रुग्णांचीच शस्त्रक्रियेसाठी निवड करण्यात आली. ही झडप प्रथम ज्या रुग्णास बसवली, तो वाचू शकला नाही. त्यानंतर ११ मार्च रोजी चाळिशी उलटलेल्या एका स्त्रीची निकामी द्विदल झडप काढून तेथे नवी झडप बसवण्यात आली. ही रुग्ण शस्त्रक्रियेतून बरी होऊन घरी गेली. काही महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. परंतु संपूर्ण द्विदल झडप बदलूनही मनुष्य जगू शकतो, हे या शस्त्रक्रियेने प्रथमच दाखवून दिले.

याच महिन्यात बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांनी महारोहिणीच्या झडपेच्या जागी पिंजरा-चेंडू झडप यशस्वीपणे बसवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्टलंड येथे आल्बर्ट स्टार यांनी अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्या साहाय्याने बनवलेली पिंजरा-चेंडू झडप द्विदल झडपेच्या जागी बसवली. स्टार-एडवर्ड्स झडप अधिक टिकाऊ व बसवण्यास सोपी ठरली आणि लवचीक दलांची रचना मागे पडली. तथापि नैसर्गिक तंतूंना निलयाच्या आकुंचनात महत्त्वाचे स्थान आहे, हा विचार टिकून राहिला. झडप बदलताना हे तंतू शक्य तेथे जपावेत, असा आग्रह वॉल्टन लिलेहाय यांनी १९६४ मध्ये धरला आणि कालांतराने तो सर्वमान्य झाला.

ब्राउनवाल्ड-कटर झडप

पिंजरा-चेंडू झडपेचा मोठा दोष म्हणजे तिच्या उघड्या धातूवर रक्ताच्या गुठळ्या होत. अशी गुठळी सुटून मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. यावर उपाय म्हणून नीना ब्राउनवाल्ड यांनी धातूचा सर्व भाग कापडाने मढवण्याची कल्पना राबवली. कापडाच्या विणीत शरीराच्या पेशी वाढतात व रक्ताचा परक्या वस्तूशी थेट संबंध उरत नाही, असे तिचे तत्त्व होते. कटर लॅबोरेटरीज या कंपनीने तयार केलेली ही झडप १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. 

गुठळ्यांचे प्रमाण तिने कमी केले; पण कालांतराने वेगळीच अडचण उद्भवली. महारोहिणीच्या जागी कापड व सिलिकॉनचा चेंडू एकमेकांवर घासून झिजू लागले. चेंडू झिजून लहान झाला की पिंजऱ्यातून निसटण्याचा धोका असे. त्यामुळे महारोहिणीच्या जागी ही झडप असलेल्या काही रुग्णांवर खबरदारी म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढे तिचा वापर थांबला. द्विदल झडपेच्या जागी तिची कामगिरी तुलनेने बरी राहिली. एका दोषावरील उपायातून दुसरा दोष निर्माण होण्याचे हे उदाहरण कृत्रिम झडपांच्या इतिहासात वारंवार अभ्यासले जाते.

सॅन डिएगो व बोस्टन

ब्राउनवाल्ड दांपत्य १९६८ मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तेथील हृदयशल्यविभागाच्या उभारणीत नीना ब्राउनवाल्ड यांचा मोठा वाटा होता. फुप्फुसाच्या रोहिणीत वर्षानुवर्षे साचून घट्ट झालेल्या गुठळ्या अस्तरासह काढून टाकण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९७० मध्ये त्या विद्यापीठात प्रथम केली. आज याच शस्त्रक्रियेसाठी ती संस्था जगभर ओळखली जाते.

१९७२ मध्ये त्या बोस्टनला गेल्या आणि हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात शल्यशास्त्राचे अध्यापन करू लागल्या. दात्याच्या महारोहिणीची झडप चौकटीवर शिवून द्विदल झडपेच्या जागी वापरणे, तसेच कृत्रिम पृष्ठभागांवर पेशींचे अस्तर वाढवून गुठळ्या टाळणे, हेही त्यांच्या संशोधनाचे विषय होते. हे सर्व करीत असताना त्यांनी तीन मुलींचे संगोपन केले.

सन्मान

वक्षशल्यचिकित्सेच्या अमेरिकन मंडळाचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत. अमेरिकन असोसिएशन फॉर थोरॅसिक सर्जरी या संघटनेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री सदस्य होत्या. वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हृदय व वक्षशल्यचिकित्सेचे शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी अमेरिकेत त्यांच्या नावाने पाठ्यवृत्ती दिली जाते.