ज्ञानदेवांचा सहावा अध्याय

ज्ञानदेवांचे चरित्र आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो. भिंत चालविली, रेड्याच्या मुखी वेद आले, हे कोणीही सांगेल. मी आज त्यांच्या सहाव्या अध्यायाविषयी लिहिणार आहे, कारण मंडळाच्या वाचनात तो आला की आपण पाने भराभर उलटतो.

वडील विठ्ठलपंत काशीला संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार मुले झाली. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ सालचा मानतात. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना वाळीत टाकले. रुक्मिणीमाईने ते कसे सोसले असेल! प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह टाकला, तरी मुलांचा विटाळ काही फिटला नाही.

ब्रह्मगिरीला वाघ आडवा आला, चुकामूक झाली, निवृत्तिनाथ गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथ भेटले अशी कथा आहे. (वाघाची धास्ती आपल्या गावाला सांगायला नको.) तीच नाथपंथी विद्या त्यांनी धाकट्या भावास दिली. ती गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानी जायची, चारचौघांत बोलायची नव्हती.

१२९० साली नेवाशास ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. वय अवघे पंधरा. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन, ताठ मान, नाकाच्या शेंड्यावर दृष्टी एवढेच आहे. कुंडलिनीचे नावसुद्धा नाही. ज्ञानदेवांनी तिथे नाथांचे गुपित मराठीत ओतले. टाच कुठे दाबायची, मूळबंध, जालंधरबंध, उड्डियानबंध कसे लागतात, वेटोळे घालून निजलेली शक्ती जागी होऊन वर कशी चढते, सारे डोळ्यांपुढे उभे राहते.

हे बंध माझ्या डोक्यात शिरेनात. मग आपला तलाव आठवला. कोहळी लोकांनी पाळ घातली म्हणून पाणी वाहून न जाता धानाला मिळाले. योगी श्वासाचे तसेच करीत असावा. आणि केवळ ऐकीव माहितीवर असे वर्णन जमेल, असे मला वाटत नाही. जिने कधी पुरण घाटले नाही तिने चटका कसा सांगावा?

त्या शक्तीला ते कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलाची उपमा देतात, जगदंबाही म्हणतात. ज्यांच्या अंगाला लोकांनी विटाळ म्हटले, त्यांनीच देहात जगदंबा दाखविली! महिन्याचे चार दिवस बाजूला बसून वाढलेली मी, तिथे पोथी हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसले.

कोणी पुस्तक वाचून श्वास मात्र कोंडू नये. ही वाट फार कठीण, त्यापेक्षा भक्ती बरी, असे बाराव्या अध्यायात तेच सांगतात.

१२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीस त्यांनी आळंदीला समाधी घेतली. वय एकवीस. मुक्ता तेव्हा सतरा वर्षांची होती.