जे. पी. नाईक
जयंत पांडुरंग नाईक (५ सप्टेंबर १९०७ – ३० ऑगस्ट १९८१) हे भारतीय शिक्षणतज्ज्ञ, गारगोटी येथील मौनी विद्यापीठाचे संस्थापक आणि लोकाधारित आरोग्यसेवेचे पुरस्कर्ते होते. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी हे त्यांचे जन्मगाव.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना कारावास झाला. बेल्लारीच्या तुरुंगात आजारी कैद्यांची शुश्रूषा करताना त्यांना वैद्यकाची गोडी लागली. सुटकेनंतर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. खेड्यातील आजारपण त्यांनी रुग्णालयातून नव्हे, तर गावकऱ्यांच्या घरादारातून पाहिले. त्यांच्या पुढील आरोग्यविचाराचे मूळ बहुधा येथेच असावे.

पुढे कोल्हापूर संस्थानात प्रशासकीय पदे सांभाळल्यावर त्यांनी भुदरगड तालुक्यातील गारगोटी हे कार्यक्षेत्र निवडले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव दिलेल्या या विद्यापीठात शिक्षणाला ग्रामविकासाची जोड देण्यात आली. शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक या त्यांच्या पत्नी. त्यांनीही गारगोटीत काम केले. कोठारी शिक्षण आयोगाचे (१९६४–६६) नाईक सदस्य-सचिव होते. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

== आरोग्यविचार ==
भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव असताना नाईक यांनी आरोग्य हा केवळ वैद्यकाचा नव्हे, तर मानवशास्त्रासह सर्व सामाजिक शास्त्रांचा विषय मानला. दारिद्र्य, अन्न, पाणी, स्त्रियांचे स्थान आणि लोकांच्या समजुती विचारात न घेता उभारलेली सेवा गावात रुजत नाही, अशी त्यांची धारणा होती. पर्यायी आरोग्यसेवेविषयीचे त्यांचे प्रस्ताव १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आले. प्राथमिक आरोग्यसेवेवरील आल्मा-आटा परिषद त्यानंतरच्या वर्षी भरली.

या विचाराला व्यापक रूप मिळाले ते सामाजिक विज्ञान परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटात. गटाचे अध्यक्ष डॉ. व्ही. रामलिंगस्वामी होते. शहरी, रुग्णालयकेंद्री व वरून लादलेल्या व्यवस्थेऐवजी विकेंद्रित आणि लोकसहभागावर उभी असलेली व्यवस्था गटाने सुचविली. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग आरोग्यावर खर्च व्हावा, अशीही शिफारस होती. सरकारी खर्च अद्याप त्या प्रमाणाजवळ पोहोचलेला नाही. अहवाल १९८१ मध्ये पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने प्रकाशित केला. ही संस्थाही नाईक यांनीच स्थापन केलेली होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.