कलामहर्षी बाबूराव मेस्त्री

कोल्हापुरात माणसाचे आडनाव कागदावर राहते आणि गावात चालते ते त्याच्या धंद्याचे नाव. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या बाबतीत हेच घडले. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या मुलाचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडील कृष्णराव कसबी कारागीर होते. मुलगा पुढे रंगांच्या दुनियेत गेला आणि गावाने त्याला 'पेंटर' करून टाकले. मेस्त्री हे नाव मागे पडले. मला मात्र वाटते की त्यांच्या आयुष्याची खरी किल्ली त्या मागे पडलेल्या नावातच आहे.

बाबूरावांनी कोणत्याही कलाशाळेचे तोंड पाहिले नाही. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि ते, दोघेही पाहून-पाहून व हात चालवून शिकले. तो काळ मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाचा होता. केशवराव भोसले यांची 'ललितकलादर्श', बालगंधर्वांची 'गंधर्व नाटक मंडळी' अशा नामवंत संस्थांना राजवाडे, रस्ते, अरण्ये दाखवणारे भव्य पडदे लागत. ते रंगविण्यात १९१० ते १९१६ या काळात या दोघा भावांचा हात धरणारे फार थोडे होते.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. आपण रंगवतो ते चित्र जागचे हलत नाही, आणि इथे तर चित्र चालते, वळते, हात वर करते! दोघा भावांना या नव्या विद्येने पुरते झपाटले. त्यांनी एक जुने प्रक्षेपण यंत्र मिळवले, चित्रपटांचे खेळ लावले आणि यंत्राची अंतरंगे न्याहाळायला सुरुवात केली. आपला स्वतःचा चित्रपट काढायचा हा ध्यास आनंदरावांना लागला होता. पण १९१६ मध्ये आनंदराव अकाली वारले. भावाचे अर्धे राहिलेले स्वप्न बाबूरावांच्या एकट्याच्या खांद्यावर आले.

परदेशी कॅमेरा विकत घेणे सामान्य कारागिराच्या आवाक्यातले नव्हते, त्यातून पहिले महायुद्ध चालू. तेव्हा बाबूरावांनी आपले शिष्य व सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरले आणि कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. १९१८ मध्ये तो काम देऊ लागला. भारतात तयार झालेला पहिला चलत्चित्र कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख होतो.

हे वाक्य आपण पुस्तकात एका दमात वाचून पुढे जातो. पण त्या कॅमेऱ्याला काय काय जमावे लागते ते थोडे पाहू. फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या दोन्ही कडांना भोके, एका चित्रामागे प्रत्येक बाजूला चार. हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळाएक चित्रे उठतात. प्रत्येक चित्रासाठी फिल्म भिंगासमोर क्षणभर अगदी स्थिर थांबली पाहिजे, झडप उघडून मिटली पाहिजे आणि मिटलेल्या झडपेआड आकड्याने फिल्म नेमकी एक चित्रभर खाली ओढली पाहिजे. यात केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावर ती कित्येक पटींनी मोठी होऊन दिसते आणि राजवाड्यासकट राजा थरथरू लागतो. शिवाय पेटीत कुठूनही उजेड शिरता कामा नये. एखाद्या सांध्यातून तो डोकावला की फिल्मवर धुके पसरलेच.

हा शेवटचा मुद्दा मला पुस्तकाआधी गॅरेजमध्ये कळला. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात मोटारींच्या काचा बसवतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे दोन माणसांची एक जुनी स्पोर्ट्स मोटार पुढची काच बसवायला आली होती. मालकाने गाडी पार मोडून नव्याने उभी केली होती. वडिलांनी पहिला सबंध दिवस काचेला हातच लावला नाही. चौकटीच्या पत्र्याची कड खरवडून गंज काढला, रंगाचा हात दिला आणि कडेवरून बोट फिरवून उंचवटे शोधत बसले. त्यांचे म्हणणे असे, की कडेवर एखादा खडा किंवा पत्र्याचा उंचवटा राहिला तर सारा दाब तिथेच येतो, आणि काच आज नाही तर महिन्याने तिथूनच तडकते.

दुसऱ्या दिवशी काचेला भोवतीने नवे रबर चढवले. रबराच्या खाचेत सुतळी भरली आणि तिची दोन टोके खाली मध्यभागी मोकळी सोडली. साबणाचे पाणी लावून काच चौकटीत टेकवली. वडील बाहेरून तळहाताने दाबत होते आणि मी आत बसून सुतळी हळूहळू ओढत होतो. सुतळी निघेल तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटा होऊन बसत जातो. घाई केली की रबर फाटते. नंतर रबर आणि काच, रबर आणि पत्रा यांच्या फटींत सील करायचा मसाला भरला. शेवटी बाहेरून पाण्याचा पाइप सोडला आणि आत डॅशबोर्डवर कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवले. कागदावर एक थेंब जरी उमटला तरी तेवढा भाग पुन्हा सील करायचा. तीन वेळा पाणी मारले तेव्हा कागद कोरडा राहिला.

बाबूरावांचा कॅमेरा मी या कोरड्या कागदावरून समजून घेतो. तिथे पाणी रोखायचे, इथे उजेड. पण दोन्हीकडे काच नीट बसणे आणि सांधा बंद होणे यावरच सारे अवलंबून. हे कसब व्याख्यानातून येत नाही. बाबूराव नुसते चित्रकार असते तर त्यांना सुंदर दृश्य सुचले असते. ते टिपणारे यंत्र घडले, कारण त्या घराण्यात हत्यारे होती.

१ डिसेंबर १९१७ रोजी स्थापन झालेल्या त्यांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'ला प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचा आधार दिला होता. १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात 'सैरंध्री' झळकला. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षकांना ते सोसवेना आणि अखेर ते कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात या चित्रपटात स्त्रियांनीच कामे केली, हेही विसरून चालणार नाही.

ज्या माणसाने पडदे रंगवून नाव कमावले, त्याने चित्रपटात मात्र रंगीत पडद्यांऐवजी खरीखुरी लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे उभे केले. प्रसंग चित्रित करण्याआधी ते वेषभूषेची, हालचालींची रेखाटने करत. आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रेही स्वतः रंगवत. १९२५ चा 'सावकारी पाश' हा त्यांचा कळस. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या गर्दीत पडद्यावर आपल्यासारखा माणूस आला. तो तरुण शेतकरी रंगवला होता व्ही. शांताराम यांनी.

बाबूरावांचा स्वभाव मनाजोगते झाल्याखेरीज काम हातावेगळे न करण्याचा. धंद्याच्या घड्याळाशी या स्वभावाचे कधी जमले नाही. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही त्यांची माणसे १९२९ मध्ये बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. पुढे स्वतः बाबूरावही मतभेदांमुळे आपल्या कंपनीतून दूर झाले. बोलपटांच्या युगात त्यांनी 'उषा', 'प्रतिभा' असे चित्रपट दिले, १९४७ मध्ये शांतारामांबरोबर 'लोकशाहीर रामजोशी' केला. पण पहिले वैभव परतले नाही. ते चित्रे आणि शिल्पे घडवत राहिले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. पण दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला, तेव्हा त्यांचे हात कुठे तयार झाले होते हे कोल्हापूरला ठाऊक होते.

माझ्या हाताला पान्याचे तेल लागू नये म्हणून वडिलांनी मला कला शाखेत घातले. त्यांची माया मला कळते. पण बाबूरावांचे चरित्र वाचल्यावर पान्याचा हात आणि कलेचा हात वेगळा काढणे मला जमत नाही. मी पदवी पुरी करणार आहे, आणि रविवारी सुतळी ओढायलाही जाणार आहे. वडिलांना हे अजून पटलेले नाही.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्याच्याजवळून कॉलेजला येतात. दर वर्षी १ डिसेंबरला चित्रपटक्षेत्रातली मंडळी तिथे जमून बाबूरावांना अभिवादन करतात. येत्या वर्षी आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तिथे जावे, आणि जाताना उद्यमनगरातल्या चार मेस्त्रींनाही बरोबर न्यावे, अशी माझी सूचना आहे. मी माझ्या वडिलांना घेऊन येईन.